पीच, शेकडा वीस

"जिभेला काहीच लागत नाही," असं म्हणत डेलबर्टने इलेक्ट्रिक सिगारेटच्या वाफेचा ढग सोडला. तो स्वयंपाकघरभर फिरून ओलिटाच्या नुकत्याच भाजलेल्या मक्याच्या पावावर विसावला.

"मला लागतंय. पडद्यांनाही लागतंय," पावावर फडकं टाकत ओलिटा म्हणाली. "पीचचा अर्क किती घातलास?"

"शेकडा आठ."

"काल चार होता ना?"

"काल तरी कुठे काय लागत होतं?"

डेलबर्टने बेचाळीस वर्षं सिगारेट ओढली होती. ओहायो नदीकाठच्या त्या गावात कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. तेव्हा घरोघरच्या कोठारात तंबाखूची पानं उलटी टांगलेली असत, पानगळीच्या दिवसांत सगळा गाव त्या गोडसर वासात बुडून जाई आणि डेलबर्टचे वडील पानाचा तुकडा चावून शेत कुणाचं ते सांगत. आता ती कोठारं लग्नांसाठी भाड्याने जातात. फेब्रुवारीत डॉक्टरांनी डेलबर्टला स्पष्टच सांगितलं, "अजून एक हिवाळा ओढलीत, तर ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन फिरावं लागेल." ओलिटाच्या बहिणीचा नवरा तसाच फिरायचा. चर्चमध्ये त्याच्या नळकांड्याच्या गाडीची चाकं कुरकुरली की प्रवचन थांबे.

म्हणून व्हेप, म्हणजे ही इलेक्ट्रिक सिगारेट, आलं. दुकानातले तयार स्वाद बंद झाले, तेव्हा डेलबर्ट ग्लिसरीन, निकोटीन आणि टपालाने मागवलेला अर्क घेऊन घरीच मिश्रण करू लागला. त्याला आईच्या परसातल्या पीचची चव हवी होती. मिश्रण लोणच्यासारखं दोन आठवडे अंधारात मुरू द्यायचं असतं, पण तेवढा धीर त्याच्याकडे कुठला! सकाळपासून तो दर दहा मिनिटांनी झुरका घेऊन बघायचा आणि संध्याकाळी अर्क वाढवायचा.

"रविवारपर्यंत जमलं नाही तर पेट्रोल पंपावरून सिगारेटचं पाकीट आणणार," त्याने जाहीर केलं. "बेचव वाफ ओढण्यापेक्षा मेलेलं बरं."

ओलिटाच्या डोळ्यांपुढे बहिणीचा नवरा आला.

सोमवारी अर्क शेकड्याला बारा झाला. कुत्र्याने आपलं अंथरूण ओढत व्हरांड्यात नेलं. मंगळवारी वीस झाला, तशा खिडकीच्या जाळीवर गांधीलमाश्या जमल्या. बुधवारी चर्चमध्ये तिथली विक्री सांभाळणाऱ्या लोरीन प्रॅदरने ओलिटाला मिठी मारली आणि तिच्या कपड्यांचा वास घेत सोडेचना.

"अगं, पीचचा जॅम केलास आणि बोलली नाहीस? शनिवारच्या विक्रीला आठ बरण्या लिहू का?"

डेलबर्टने सगळं सोडलं, असं ओलिटाने चर्चभर सांगितलं होतं. पाद्रीबाबांनी तर त्याचं उदाहरण प्रवचनात दिलं होतं. आता हा वास व्हेपचा आहे, हे कोणत्या तोंडाने सांगणार? "लिही," ती म्हणाली.

मे महिन्यात झाडाला पीच कुठून असणार? तिने डब्यातले पीच आणले आणि गुडघे दुखत असताना दुपारभर ढवळत उभी राहिली. जॅम झाल्यावर चमचाभर डेलबर्टपुढे धरला.

"यातही काही नाही," तो म्हणाला.

ओलिटा थांबली. तिने टोपलीतला कांदा कापून त्याच्या हातात दिला. डेलबर्टने तो न बघताच कचाकचा खाल्ला. "सफरचंद जरा पाणचट आहे," तो म्हणाला.

"डेलबर्ट, तो कांदा होता."

डेलबर्टने आपली बोटं हुंगून बघितली.

"तुझ्या अर्कात खोट नाही," ओलिटा खुर्चीत बसत म्हणाली. "दिवसभर एकच वास हुंगून तुझी जीभ आणि नाक दोन्ही झोपलीत. आता तीन दिवस स्वाद बंद. नुसतं साधं ओढ, पाणी पी."

"आणि रविवारी?"

"रविवारी पीच नाही लागला, तर पंपावर मी स्वतः घेऊन जाईन."

बोलून तर बसली, पण ते तीन दिवस ओलिटाचा जीव थाऱ्यावर नव्हता. डेलबर्टने गाडीच्या किल्ल्या उचलल्या की तिच्या हातातली भांडी निसटत. शनिवारी आठही बरण्या विकल्या गेल्या, त्याचंही तिला काही वाटलं नाही.

रविवारी सकाळी डेलबर्टने शेकडा चारची जुनी बाटली भरून झुरका घेतला. डोळे मिटले.

"आईच्या झाडाचा पीच," तो हळूच म्हणाला. "त्या भिंतीकडच्या फांदीवरचा."

ओलिटाने ओट्याला टेकून श्वास सोडला आणि त्याच्यापुढे कॉफी ठेवली. त्याने घोट घेतला. कपात डोकावला. मग पुन्हा घोट घेतला.

"ओलिटा, ही कॉफी नेहमी अशीच असते?"

दुपारी लुइव्हिलहून मुलीचा, रोंडाचा, फोन आला.

"मॉम, डॅडींनी पुन्हा सिगारेट नाही ना धरली?"

"नाही गं. आता नाही धरायचे."

"मग तुझा आवाज असा का येतोय?"

आतून डेलबर्ट ओरडला, "ओलिटा, या घेवड्याला कसला वास येतोय गं?"

ओलिटाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बेचाळीस वर्षांत तुझ्या डॅडींनी माझ्या स्वयंपाकाला एकदाही नाव ठेवलं नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, प्रेम आहे."