गावंडे सरांचं ‘कोनं?’

‘ण्यात आले’ एवढं दिसलं की गावंडे सरांच्या लाल पेनाला खाज सुटते.

आरोग्य खात्यातून निवृत्त झाल्यावर सरांनी राजापेठेत, शिकवण्यांच्या गर्दीतच, आम्हा सरकारी डॉक्टरांसाठी शोधनिबंध लिहायला शिकवण्याचा वर्ग काढला. “आधी मराठीत लिवा, इंग्रजी मंग पाहू” हा त्यांचा नियम. मी भातकुलीहून दर रविवारी जाते. पहिल्याच रविवारी मी ऐटीत वाचलं, “गावात सर्वेक्षण करण्यात आले.”

“कोनं?”

“आशाताईंनी, सर.”

“मंग तिचं नाव लिवाले हात दुखते काय? उनातानात ते फिरली, अन् तुमी तिले वाक्यातून हाकलून राहिले!”

दुसऱ्या एकाने लिहिलं, “डास आढळून आले.” सर म्हणाले, “कोनाले आढळले? आढळले त मारले काहून नाई?”

भाच्याच्या लग्नाची पत्रिकाही त्यांनी दुरुस्त करून परत पाठवली. ‘स्वागत समारंभ आयोजित करण्यात आला आहे’खाली लाल शाईत लिहिलं होतं, ‘कोनं? तुह्या बापानं ना? मंग त्याचं नाव टाक.’ बहीण महिनाभर बोलली नाही.

सरांचा स्वतःचा निबंध मात्र वर्षानुवर्षं खणात पडून होता. विषय सर्पदंश. “औंदा पाठवतोच,” असं ते दरवर्षी म्हणत. परवा वर्ग सुटल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला. “तपासा डॉक्टरबाई. उद्या पाठवाचा हाये.”

पानामागून पानं स्वच्छ. शेवटच्या पानावर मात्र घबाड सापडलं: ‘हिवरखेडच्या रुग्णास प्रथम मांत्रिकाकडे नेण्यात आले.’ इतक्या वर्षांचा सूड! मी लाल पेन उपसलं.

“सर, कोनं?”



“मी,” ते म्हणाले. “माही माय होती ते. मी डॉक्टरकीच्या पयल्या वर्षाले होतो. सारं समजत होतं. पन गावापुढं तोंड उघडलं नाई.”

मला माझीच लाज वाटली. मी पेनाला टोपण लावू लागले, तर सरांनी ते हातातून घेतलं. ‘नेण्यात आले’ खोडलं. वर लिहिलं, ‘मी नेले.’ मग ‘रुग्णास’वर पेन थांबलं.

“इथं ‘मायले’ लिवलं त चालते काय, डॉक्टरबाई?”

शोधनिबंधात ते चालत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“चालते, सर,” मी म्हणाले.