चुका कमी कशानं झाल्या?

लेक पाळणाघरात, जीव टांगणीला आणि समोर सॉफ्टवेअरमधल्या चुका. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या, चुका शोधणाऱ्या टेस्टरचा दिवस असा जायचा. पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायला तिला पाचला निघावंच लागे. एकेक चूक कॉम्प्युटरवर रीतसर नोंदवत बसली असती, तर पाळणाघरातल्या मावशी लेकीला कडेवर घेऊन थेट ऑफिसात आल्या असत्या.

"नोंदवत काय बसतेस? मान वळव आणि सांग," शेजारचा प्रोग्रामर म्हणाला. त्याला सगळे दाढी म्हणत.

तिनं मान वळवली. "अरे दाढी, बटण दाबलं की स्क्रीन पांढराफटक पडतोय."

"केलं दुरुस्त. पळ तू!"

नेमकं त्याच सुमारास साहेबांनी कोड तपासणारं महागडं टूल आणलं आणि त्याचा उपयोग मोजायला एक बाई नेमल्या. हिशोब सोपा होता: टूलच्या आधी किती चुका नोंदवल्या, नंतर किती. आलेख धाडकन खाली आला. साहेब हरखले.

"टूल असताना चुकाच होत नाहीत! मग चुका शोधायला माणूस कशाला?"

"अरे दाढी, माझी नोकरी चालली!" टेस्टर मान वळवून म्हणाली.

"घाबरतेस काय? आम्ही आहोत ना," दाढी म्हणाला, आणि सगळी टीम नोंदी करायला बसली. बटणाचा निळा रंग उदास वाटतो, नोंदव. स्वल्पविराम जरा डावीकडे झुकलाय, नोंदव. आलेख छताला टेकला.

साहेब लालबुंद. "टूलनं पार वाट लावली आपली!"

मोजणाऱ्या बाई मात्र थेट टेस्टरच्या टेबलाशी आल्या. "खरं सांगा हं. आलेख खाली आला तेव्हा इथं काय बदललं होतं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मॅडम, मला लेकीला आणायला वेळेत निघायचं असतं. म्हणून मी चुका तोंडीच सांगायचे. हे सगळे हातातलं काम टाकून ऐकायचे." तिनं टीमकडे हात केला. "फार सांभाळून घेतलंय हो यांनी मला."

बाई घड्याळ घेऊन तिच्या शेजारीच बसल्या. टूलनं दाखवलेली चूक आणि तिनं सांगितलेली चूक दुरुस्त होईपर्यंत किती वेळ लागतो, ते त्यांनी मोजलं. मान वळवून सांगण्यानं टूलला कुठल्या कुठे मागे टाकलं.

साहेबांना आता नवं वेड लागलं. फर्मान निघालं: टेस्टरची पद्धत सर्वांनी जशीच्या तशी पाळावी. चुका तोंडी सांगाव्यात आणि पाचला निघावं. नेमका गुण कशानं येतो हे ठाऊक नसल्यामुळे यातलं काहीही गाळू नये.

पहिल्याच दिवशी पाचला अख्खं ऑफिस लिफ्टपाशी लोटलं. टेस्टर मागेच अडकली, रडकुंडीला आली.

"अरे, सरका!" दाढी गरजला. "जिच्यामुळे घरी चाललोय, तिला आधी जाऊ द्या!"

गर्दी बाजूला झाली. लिफ्टमध्ये सगळ्यांच्या आधी घुसलेले साहेब निमूटपणे बाहेर आले.

"थँक्यू, साहेब," ती कशीबशी म्हणाली.

"अहो, आभार तुमचेच," साहेब बॅग सावरत पुटपुटले. "लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदाच घर उजेडात बघणार आहे मी."