मेलेल्या पंथाची तोंडी परीक्षा

प्रोफेसर ऑगस्टस पेनिफोल्ड यांच्या ग्रंथानुसार सांध्यपंथ सन १७६१ मध्ये संपला होता, आणि संपलेल्या अवस्थेत गेली बावीस वर्षं त्याचं उत्तम चाललं होतं. चार खंड निघाले होते. शेवटचं ‘अस्त’ हे प्रकरण वाचून बिशपसाहेबांच्या बहिणीला दोन रुमाल लागले होते. दूर बंगालच्या पलीकडे नदीकाठी राहणारे ते भोळे लोक, तिन्हीसांजेला दिवा लावून गुणगुणणारे, आणि त्यांचा तो शेवटचा म्हातारा, विझत्या वातीकडे बघत एकटाच बसलेला! हा म्हातारा प्रोफेसरांना कुठल्याही कागदात सापडलेला नव्हता, पण तो असणारच अशी त्यांची शास्त्रीय खात्री होती.

तो मुलूख त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना बोट लागायची. एकदा डोव्हरच्या धक्क्यावर नुसतं उभं राहूनच त्यांना इतकं मळमळलं की प्रत्यक्ष पाहणीमुळे निष्पक्षपातीपणा बिघडतो असा सिद्धान्त त्यांनी परतीच्या गाडीतच मांडला. गरजही नव्हती म्हणा. पंथाची एकुलती एक ताडपत्राची पोथी त्यांच्याच सेंट ऑसिथ कॉलेजच्या लोखंडी कपाटात होती. चाळीस वर्षांपूर्वी कुणा कलेक्टरानं ती ‘दोन दिवस बघायला’ म्हणून घेतली होती आणि बघणं अजून चालू होतं.

सन १८७१च्या त्या ऑक्टोबरात कॉलेजात ‘मृत धर्मांचे अध्यासन’ निघायचं होतं. साबणाचे एक मोठे कारखानदार ते देणार होते आणि त्यांची एकच अट होती: धर्म पुरता मेलेला हवा. जिवंत धर्माची माणसं पत्रं लिहितात, हा त्यांचा अनुभव होता. अध्यासन पेनिफोल्ड यांनाच मिळणार हे ठरल्यातच जमा होतं. निवड शुक्रवारी होती.

मंगळवारी सकाळी त्यांची घरकामवाली मिसेस टकवेल अभ्यासिकेच्या दारात येऊन उभी राहिली.

“सर, खाली एक माणूस आलाय. म्हणतो, मी सांध्यपंथी. मी म्हटलं, अरे बाबा, ते सगळे वारले, आमच्या सरांनीच लिहिलंय. तर म्हणतो, बरं, मी थांबतो.”

माणूस वर आला. निबारण माझी त्याचं नाव. वीस वर्षं बोटीवर स्वयंपाकी होता, त्यामुळे इंग्रजी चांगलं बोलायचा आणि मटण फार शिजवायचा नाही. प्रोफेसरांना आधी खरोखर आनंद झाला, एखाद्या लेखकाला आपलं पात्र रस्त्यात भेटावं तसा. मग त्यांना शुक्रवार आठवला.

“हे बघ निबारण,” ते मायेनं म्हणाले, “तुला वाईट वाटेल, पण तुमचा पंथ सतराशे एकसष्टमध्ये संपला.”

निबारणनं जरा विचार केला. “कुठल्या महिन्यात, साहेब? नाही, आमच्याकडे कुणाच्या लक्षात आलं नाही.”

“तुम्ही आहात तरी किती?”

“अकराशे घरं असतील. पाणी चढलं की थोडी कमी.”

मग त्यानं आपलं काम सांगितलं. त्याची आई थकली होती. त्यांच्यात माणूस गेलं की उशाशी दिवा लावून दीपगाण म्हणायचं, सगळं, सलग. त्यातली मधली नऊ कडवी फक्त दक्षिणपाड्याच्या एका म्हाताऱ्याला यायची आणि तो मागच्या पुरात वाहून गेला. पोथी असती तर बघून म्हटली असती, पण पोथी साहेब लोकांकडे होती. आईनं त्याच्याकडून वचन घेतलं होतं, मला अर्ध्या गाण्यावर पाठवू नकोस. बोट शनिवारी सुटणार होती. त्याला पोथी परतसुद्धा नको होती, नऊ कडवी उतरवून घ्यायची होती, बस.

प्रोफेसर काही वाईट माणूस नव्हते. ते स्वतः त्याला ग्रंथालयात घेऊन गेले. तिथं ग्रंथपाल मि. स्नेलग्रोव यांनी अर्ज पुढं केला. त्यात ‘धर्म’ या रकान्याखाली छापील यादी होती आणि सांध्यपंथ त्या यादीत नव्हता. तो मागच्या पानावर ‘नामशेष’खाली होता. स्नेलग्रोव यांनी खुलासा केला की नामशेष पंथाच्या अनुयायांना वाचनकक्षात बंदी मुळीच नाही. तसे अनुयायीच नसल्यामुळे त्यांना प्रवेश देण्याची सोय मात्र केलेली नाही. आता प्रोफेसरांनी लेखी दिलं की हा माणूस सांध्यपंथी आहे, तर पोथी या क्षणी टेबलावर येईल.

प्रोफेसरांनी टाक उचलला. त्यांच्या डोळ्यांपुढून अध्यासनाची ती उंच पाठीची खुर्ची गेली. त्यांनी टाक खाली ठेवला आणि हा विषय समितीचा आहे, असं म्हणाले.

समिती गुरुवारी दुपारी बसली. अध्यक्षस्थानी प्राचार्य डॉ. रॅग होते. त्यांनी प्रश्न अगदी स्वच्छ मांडला: एक तर हा माणूस खोटा, नाही तर ग्रंथ खोटा. ग्रंथ चार खंडांचा आहे, माणूस एकच आहे. तरीही कुणावर अन्याय नको, म्हणून माणसाची तोंडी परीक्षा घ्यावी, प्रश्न ग्रंथातूनच काढावेत आणि गुण ग्रंथकारांनीच द्यावेत. यापेक्षा निष्पक्ष व्यवस्था कुणालाच सुचली नाही.

“दिव्याची वात कुठल्या दिशेला असते?” प्रोफेसरांनी विचारलं.

“वारा येत नाही त्या दिशेला.”

उत्तर चूक होतं. वात उत्तरेला असते, आणि त्या उत्तरेच्या गूढार्थावर दुसऱ्या खंडात साठ पानं आहेत.

“चैत्रात तिसऱ्या दिवशी मीठ वर्ज्य का?”

“वर्ज्य नाही, साहेब. संपलेलं असतं. बाजार चौथ्या दिवशी भरतो.”

डॉ. रॅग यांनी कीव येऊन डोळे मिटले. आत्म्याच्या अलवण, म्हणजे मीठविरहित, अवस्थेवर प्रोफेसरांनी जर्मन विद्वानांशी सात वर्षं भांडून जो विजय मिळवला होता, त्याची या गृहस्थाला गंधवार्ता नव्हती. शंभरपैकी एकोणीस गुण पडले, तेही बहुतेक नीट बसल्याचे. आपल्याच धर्मात नापास झालेला माणूस त्या धर्माचा असू शकत नाही, असा निष्कर्ष निघाला. मात्र समिती उदार होती. तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला तर त्याला सांध्यपंथाचा जाणकार म्हणून प्रमाणपत्र देता येईल, असं तिनं सुचवलं. प्रवेशासाठी लॅटिन आवश्यक होतं.

“तीन वर्षं?” निबारण म्हणाला. “आई थांबायची नाही हो.”

एव्हाना बाहेर अंधारून आलं होतं. दिवे लावणारा शिपाई अजून आला नव्हता. निबारणनं सवयीनं उठून टेबलावरचा दिवा लावला, खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याकडे पाठ करून हातांचा आडोसा धरला आणि हलक्या आवाजात गायला लागला. बावीस वर्षं प्रोफेसरांनी ते गाणं डोळ्यांनी वाचलं होतं. त्याला चाल आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या अंगावर काटा आला. सातव्या कडव्यापाशी निबारण थांबला. पुढचं त्याला येत नव्हतं.

आणि प्रोफेसरांच्या तोंडून, त्यांनाही न कळत, आठव्याची पहिली ओळ बाहेर पडली. बेसूर होती, पण बरोबर होती.

निबारण वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “साहेब, तुम्हाला येतंय! नुसतं म्हणा. मी ऐकून पाठ करतो. लिहायलाही नको.”

डॉ. रॅग खाकरले. “पेनिफोल्ड, जरा विचार करा. हे गाणं तुम्ही याला शिकवलंत आणि यानं ते आईच्या उशाशी म्हटलं, तर तो पंथ चालू आहे, असा त्याचा अर्थ होईल.”

प्रोफेसरांनी आठव्या कडव्याची दुसरी ओळ गिळली. ती त्यांना चांगलीच लागली. मग त्यांना एकदम सुटकेचा मार्ग दिसला आणि ते खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटाकडे गेले. छापील तिसरा खंड काढून त्यांनी निबारणच्या हाती दिला आणि नऊच्या नऊ कडवी यात आहेत, पान चारशे बारा, माझ्याकडून भेट समज, असं सांगितलं. निबारणला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. त्यानं पुस्तक कपाळाला लावलं.

एक गोष्ट प्रोफेसरांनी सांगितली नाही. त्या नऊ कडव्यांत आईच्या दुधाचा उल्लेख होता, आणि असा मजकूर बिशपसाहेबांच्या बहिणीच्या नजरेस पडू नये म्हणून प्रकाशकानं नियमाप्रमाणं ती सगळी लॅटिनमध्ये घातली होती. मूळ शब्द फक्त लोखंडी कपाटात होते.

शुक्रवारी अध्यासन मिळालं. शनिवारी बोट सुटली.

पाच वर्षांनी प्रोफेसरांना न्याहारीच्या वेळी एक पत्र आलं. ते सांध्यपंथ सभेच्या चिटणीसाचं होतं. मजकूर असा: निबारणची आई दोन वर्षांपूर्वी गेली. मिशन शाळेच्या मास्तरांनी पान चारशे बारा खड्या आवाजात वाचलं. कुणालाही एक अक्षर कळलं नाही, त्यामुळे सगळ्यांना फारच भरून आलं. निबारण तेवढा उठून नदीवर गेला आणि पुष्कळ वेळ परत आला नाही; पण तो अडाणी माणूस, त्याचं कोण मनावर घेतो? आता अकराशे घरांत तसंच म्हणतात. वातही, मागाहून मागवलेल्या आपल्या दुसऱ्या खंडाप्रमाणं, उत्तरेला करतात, मात्र आमच्याकडे वारा उत्तरेचा असल्यामुळे दिवा विझतो. आमचं काय चुकतंय, ते कृपया कळवावं.

“बरी बातमी आहे का, सर?” मिसेस टकवेलनं पाकिटावरचं तिकीट बघत विचारलं. “तो निबारण परत कधी आला नाही. इथं घरीच त्याला नुसतं म्हणून दाखवायचं होतं हो तुम्ही. मी दार लावून घेतलं असतं.”

प्रोफेसरांनी अर्धा टोस्ट बशीत ठेवला. मग अभ्यासिकेत जाऊन त्यांनी दुसऱ्या आवृत्तीसाठी एक तळटीप लिहिली: ‘अलीकडे त्या भागात काही खेडूत विझलेल्या दिव्यापुढे लॅटिन म्हणताना आढळतात. हा मूळ सांध्यपंथ नव्हे, हे उघडच आहे.’

ती दुसरी आवृत्ती आपल्याकडच्या ग्रंथालयातही आहे. त्याच कपाटात, शेजारीच, आपल्या सणावारांवर तिकडच्याच साहेबांनी लिहिलेला खंड असतो. निदान असायचा. मंडळाच्या व्याख्यानासाठी मागच्या श्रावणात तुम्हीच तो घरी नेला होता आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, तुमचं सगळं चुकतंय, असं त्यातलं पान उघडून दाखवलं होतं. वाचून झाला असेल, तर परत करा.