शोकेसमधली झोप

गादीवाला अलीकडे फार चिडचिडा झाला होता. गिऱ्हाइकाने विचारलं, "गादी टणक आहे ना?" तर म्हणायचा, "गादी आहे, पैलवान नाही." शेवटी बायकोने त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, तर टेस्टोस्टेरॉन कमी निघालं.

"घाबरण्यासारखं काही नाही, काका. थोडा व्यायाम करा, आणि..."

'आणि'च्या पुढचं ऐकायला गादीवाला तिथे होताच कुठे? तो मनाने जिममध्ये पोचलासुद्धा होता.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ जिम सुरू झाली. शिवाय दुकानात हमालांना बाजूला सारून तो सोफे स्वतःच माळ्यावर चढवू लागला. पहाटे गजर, दिवसभर कण्हणं, आणि झोपेत पायात गोळा आला की शेजारच्या माणसाला लाथ. बायकोने मुकाट्याने उशी उचलली आणि सासरी गेलेल्या मुलीच्या रिकाम्या खोलीत बिऱ्हाड हलवलं.

"रुसलीस का?"

"नाही हो. नीट झोपायचंय."

हे त्याला फार लागलं. आकडा वर चढला की ही आपोआप परत येईल, असं त्याने मनाशी धरलं. वजनं वाढवली, सुट्टीचा वारही रद्द केला. पुन्हा रक्त दिलं, तर आकडा आणखी खाली.

"यांचं मशीन बिघडलंय," तो म्हणाला.

"मशीन तुम्ही बिघडवताय, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "व्यायामाने शरीराची मोडतोड होते, ती भरून येते विश्रांतीत. तुम्ही नुसती मोडतोड करताय. वर झोप कमी, मग हे हार्मोन वाढेल कसं? एक दिवस आड व्यायाम करा, पोटभर जेवा, झोपा. दुपारीही जरा लवंडत जा. तुम्ही करता काय?"

"गाद्या विकतो."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. बायको पंख्याकडे पाहू लागली.

मग गादीवाला विश्रांतीच्या मागे लागला, तोही हात धुऊन. जेवण झालं की तो शोकेसमधल्या गादीवरच आडवा व्हायचा. पहिल्याच दुपारी असा गाढ झोपला की काचेबाहेर माणसं थांबली. त्यातल्या एक बाई आत आल्या.

"ती गादी हवी. त्यांच्या अंगाखालची."

"अगदी तशीच आत आहे की," बायको म्हणाली.

"आतल्या गादीवर कोण झोपलंय? मला तीच द्या."

बायकोने क्षणभर विचार केला आणि हमालांना खूण केली. त्यांनी मालकांना अलगद शेजारच्या गादीवर सरकवलं. मालक घोरत होते, ते घोरतच राहिले.

हे मग रोजचंच झालं. गादीवाला स्प्रिंगच्या गादीवर झोपायचा आणि फोमच्या गादीवर उठायचा. एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. "गादी तीच आहे, पण आम्हाला तशी झोप लागत नाही."

"त्यासाठी आधी सोफे माळ्यावर चढवावे लागतात," बायको म्हणाली आणि त्यांना उशी विकली.

तिसऱ्या तपासणीत आकडा हवा तिथे आला. संध्याकाळी गादीवाला छाती काढून मुलीच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"चल आता परत."

"का बरं?"

"का म्हणजे? आकडा वर गेला ना."

"आकड्यापायी का मी आले होते इकडे? अहो, आपल्या पलंगावरची गादी आपल्या लग्नातली आहे. तुमच्या बाजूला खड्डा पडलाय. इतकी वर्षं मी पलंगाची कड धरून झोपतेय. वर लाथा सुरू झाल्या, तेव्हा कड सोडली."

गादीवाला खजील झाला. सगळ्या गावाच्या पाठीची काळजी वाहिली होती त्याने. "उद्या दुकानातली सगळ्यात चांगली गादी आणतो," तो हळूच म्हणाला.

"कुठून? आज दुपारी उठलात ते कशावर?"

तो आठवू लागला. "पुठ्ठ्यावर."

"मग? शेवटची गादी तेव्हाच गेली. नवा माल यायला अजून आठवडा आहे."

गादीवाला आपल्या खोलीकडे वळला. स्वतःची उशी घेऊन आला.

"हा सिंगल आहे," पलंगाकडे पाहून त्याने धंद्यातलं मत दिलं. "दोन माणसं मावायची नाहीत."

"मापं मला सांगू नका," ती भिंतीकडे सरकत म्हणाली. "कुशीवर व्हा. आणि पाय आवरून."