विलासकाकांचा भागाकार

आमचे विलासकाका कुठंही चार पोरं दिसली की आधी सोबतचं मोठं माणूस शोधतात आणि विचारतात, "ट्रेन्ड आहात का? शिक्षकाचं ट्रेनिंग झालंय?" इथं इंग्लंडात, लीड्सच्या बसमध्ये एका बाईला विचारलं. सोबत सहा पोरं. बाई इथल्या लाडिक रीतीनं म्हणाली, "आजी आहे मी त्यांची, लव्ह." काका माझ्याकडं वळून पुटपुटले, "सहाला शून्य."

मी त्यांच्याकडं बॉक्सरूममध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यात छोट्या खोलीत, भाड्यानं राहतो. मूळचा बार्शीचा, मास्तरांच्या नकला करून मार खाल्लेला. काका म्हणजे मला लॉटरीच. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डावी भुवई वर, आवाज घट्ट बसलेलं डब्याचं झाकण उघडल्यासारखा: "डेफिनिशन, बाळा, डेफिनिशन!" इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी हे करून दाखवलं, तर काकांच्या बायकोला, शैलाकाकूंना, हसून ठसका लागला.

काकांचं काम म्हणजे, गरीब देशांतल्या बालवाड्यांमध्ये एका ट्रेन्ड शिक्षकामागं किती पोरं, याची तुलना. दिवसभर वरच्या खोलीत एक्सेल आणि डोकेदुखी. कारण एका देशात ट्रेन्ड म्हणजे दोन वर्षांचा डिप्लोमा, दुसऱ्यात दोन आठवड्यांचं शिबिर. चहाला खाली आले की ओरडतात, "अरे, ह्या दोघी शिक्षिका एका रकान्यात कशा टाकू?"

"टाकू नका."

"मग तुलना कशी करू?"

"करू नका."

"गाढवा," म्हणतात आणि माझ्या बशीतलं बिस्कीट उचलतात.

पण एखाद्या देशाचा आकडा असा येतो की जेवण जात नाही त्यांना. "एका बाईमागं एवढी! कोपऱ्यातलं एखादं रडायला लागलं, तर तिला दिसणार तरी का रे?"

आमच्या मंडळाचा शिशुवर्ग शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये भरायचा. इथं जन्मलेली, "माझा आजी आला" म्हणणारी चिल्लीपिल्ली. वर्ग शैलाकाकू घ्यायच्या. गेल्या वर्षी सभेत कमिटीनं काकांना सहज म्हटलं, वर्गाबद्दल दोन शब्द बोला. काकांनी फळ्यावर पोरांची संख्या लिहिली, खाली रेघ मारली, रेघेखाली शून्य. "ट्रेन्ड कोणीच नाही. शून्यानं भागता येत नाही. म्हणजे टेक्निकली हा वर्ग नाहीच!"

लोक हसले. काका पण हसले. काकू उठून कप विसळायला गेल्या.

पुढच्या शनिवारी त्या हॉलवर गेल्या नाहीत. "मी ट्रेन्ड नाही हो," एवढंच. भांडण नाही, रुसवा नाही, आमटीत मीठसुद्धा बरोबर. काकांना तेच सोसेना. वर्ग बंद पडला.

मग ह्या साठीच्या माणसानं काय करावं? बालसंगोपनाचा कोर्स लावला. विशीतल्या मुलींशेजारी बसून कापसाच्या मेंढ्या चिकटवल्या. पास झाले आणि थेट स्वयंपाकघरात. "आता मी ट्रेन्ड. नाव माझं, शिकव तू."

"छान झालं," काकू म्हणाल्या आणि कणीक मळत राहिल्या.

शनिवारी वर्ग पुन्हा सुरू करायला काका एकटेच निघाले. मला मदतीला ओढलं. थोड्याच वेळात एकानं रंग खाल्ला, दोघं टेबलाखाली, आणि एक मुलगी दाराकडं तोंड करून रडायला लागली. "शैलाआज्जी कुठाय?" काकांनी गुडघे टेकून तिला मेंढी दाखवली. ती आणखी जोरात. तिचं बघून बाकीची. मी नकला केल्या. कोणी हसलं नाही.

शेवटी काकांनी घरी फोन लावला. "शैला, ऐक फक्त." आणि स्पीकर चालू करून फोन पोरांसमोर धरला.

पलीकडून नळाचा आवाज. मग नळ बंद झाला.

"कोण रडतंय ते? कावळ्याला सर्दी झालीय, त्याला झोपू द्याल की नाही?" आणि कावळा असा शिंकला की टेबलाखालची दोघं बाहेर आली. अख्खी गोष्ट काकूंनी घरूनच सांगितली. काका गुडघ्यांवर, हात लांब करून. मी म्हटलं, "द्या इकडं." दिला नाही.

गोष्ट संपली. सगळ्यांसमोर काकांनी विचारलं, "शैला, पुढच्या शनिवारी येशील?"

"येताना कोथिंबीर आणा," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पोरं "अजून, अजून" करत बंद फोनला चिकटली. काका उठले नाहीत.

"इतकी वर्षं ती शनिवारी इथं यायची, आणि मी वरच्या खोलीत बसायचो रे," ते म्हणाले. "हॉल आपल्या गल्लीच्या टोकाला."