बिरूमामांचे दहापैकी सहा

गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये लाल दिवा लागला म्हणून गाडी थांबवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी बिरूमामा. टीव्हीच्या पडद्यावर बाकीच्या अकरा गाड्या फुटपाथ तुडवत, दुकानांच्या काचा फोडत सुसाट निघून जातात आणि मामांची महागडी गाडी चौकात एकटी उभी असते. मामा कंट्रोलर मांडीवर ठेवून दिव्याकडे बघत बसलेले.

"मामा, शर्यत आहे ही," पहिल्यांदा मी न राहवून म्हणालो होतो.

"आसंल. लाल हाय ना?"

"पण बाकीचे सगळे पुढे गेले."

"जाऊ द्या. त्यांची चौकशी व्हईल."

मामा बारावे आले. दुसऱ्या दिवशी मला बोलावून वही उघडायला लावली आणि मत सांगितले, "गाडी चांगली. ब्रेक झकास. शिस्त शून्य. सिग्नल नुसता शोभंला लावल्याला हाय. धापैकी तीन."

बिरूमामा मूळचे वरवंडचे. घर मेंढपाळांचे, लहानपण मेंढरांमागे गेले. मग रेल्वेत लागले आणि दौंडला राहून आधी मालगाड्या, नंतर प्रवासी गाड्या चालवत निवृत्त झाले. मुलगी मंगल शिरूरला दिलेली. तिचा नवरा तिकडे एका कारखान्यात आहे. सासऱ्यांचा हात रिकामा राहू नये म्हणून या जावयाने निवृत्तीच्या वेळी गेमचा डबा आणून टीव्हीला जोडून दिला आणि महिन्याची वर्गणीही तोच भरू लागला. त्यामुळे जगात नवा गेम निघाला की तो दौंडमध्ये आमच्या गल्लीत येतोच. चार दिवसांत डब्यावर धूळ बसेल, असा जावयाचा अंदाज होता. सासरा त्याला अजून कळायचाच होता.

मामा गेम खेळत नाहीत. "म्या तपासतो," म्हणतात. आणि तपासून झाल्यावर अहवाल देतात. इंजिनातून उतरल्यावर काय बिघाड आहे ते वहीत लिहायची सवय पस्तीस वर्षांची, ती कशी सुटणार? मी इथल्या शाळेत मास्तर आहे आणि माझे अक्षर बरे आहे, हा माझा गुन्हा. त्याची शिक्षा म्हणून दर रविवारी मी मामांच्या घरी वही घेऊन बसतो.

त्या वहीत एकेक रत्ने आहेत. एका युद्धाच्या गेमबद्दल, ज्याच्यावर माझ्या वर्गातली पोरे जीव टाकतात, मामांचे मत असे, "पोरगं तीन दिस झालं पळतंय. कुणी जेवलास का म्हणून इचारलं न्हाई. सायेब लोक नुसतं वायरलेसवर वरडत्यात. धापैकी चार." भुताच्या गेममध्ये मामा प्रत्येक खोलीत आधी दिव्याचे बटण शोधत फिरले. भूत मागे येऊन उभे राहिले तरी मामांचे लक्ष छताकडे. "भुताचं काय न्हाई. वायरिंगचं भ्या वाटतंय. एवढा मोठा बंगला आन् एक बलब धड न्हाई." फोनवर रंगीत गोळ्या जुळवायचा गेम मीच दाखवला. दोनशे पायऱ्या चढल्यावर मामांनी विचारले, "ह्याचं शेवटचं टेसन कंचं?" शेवट नसतो म्हटल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि मार्कसुद्धा दिले नाहीत.

शेतीच्या गेमवर मात्र ते खरोखर चिडले होते. त्यात मेंढ्या होत्या. एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात, अशा सुट्या सुट्या चरत होत्या. "मास्तर, मेंढरू कवा आसं एकलं हुबं ऱ्हातं व्हय? भिऊन मरंल त्ये! ज्यानं केलंय त्यानं मेंढरू बघितल्यालंच न्हाई."

पण कितीही आवडला तरी कुठल्याच गेमला दहापैकी सहाच्या वर मार्क मिळाले नाहीत. कारण चार मार्क मामा आधीच कापतात. वहीत त्याचे कारण दर वेळी एकच लिहायचे, "दुसरा माणूस नाही."

याचा उलगडा करायचा तर थोडे इंजिनात चढावे लागेल. तिथे दोघे असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की ड्रायव्हरने त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा आणि असिस्टंटने स्वतः बघून परत मोठ्याने म्हणायचा. दोघांचे जुळले की गाडी पुढे. मामांच्या हाडीमाशी हे इतके भिनले आहे की ते कुठल्याही गेममध्ये दिसेल ते पुकारतात. "हिरवा!" "डाव्या हाताला पूल!" "फुडं राक्षस, हातात कुऱ्हाड!" असे पुकारायचे आणि उत्तरासाठी श्वासभर थांबायचे. त्या श्वासभरात राक्षस कुऱ्हाड घालतो. मामा मरतात. परत उठतात, परत पुकारतात. काही गेममध्ये सोबतीला एक संगणकाचा गडी असतो, पण त्याच्यावरही मामांचा राग. "त्यो आपलंच बोलतो. ऐकत न्हाई."

मला हे पटते, कारण आमच्या लहानपणी एकट्याने खेळायचा गेम असतो हेच माहीत नव्हते. स्टेशनामागच्या बोळात पत्र्याच्या खोलीत दोन मशिनी होत्या. एका मशिनीवर दोघे, एकाच्या हातात दांडा, दुसऱ्याच्या हातात बटणे, आणि मागे दहा जण सल्ले द्यायला. आपण हरलो तरी दहा जण हळहळायचे. आता पोरे कानात बोंडे घालून एकटीच जिंकतात, आणि जिंकलेले घरात कुणाला कळतही नाही. 

मामांना उत्तर देणारे माणूस पूर्वी होते. सखूमामी. संध्याकाळी मामा खाटेवर बसून गेम तपासायचे आणि मामी समोर जमिनीवर, टीव्हीकडे चक्क पाठ करून, मेथी नाहीतर तांदूळ निवडत बसायच्या.

"हिरवा!" मामा पुकारायचे.

"हिरवा," मामी निवडणारा हात न थांबवता म्हणायच्या.

"फुडं वळण!"

"वळण."

मला वाटायचे, बिचाऱ्या नवऱ्याच्या समाधानासाठी री ओढताहेत. मामांनाही तोच संशय असावा. एकदा माझ्यादेखत समोर लालभडक दिवा असताना ते मुद्दाम "हिरवा!" म्हणाले.

"लाल हाय की," मामी मेथीची काडी मोडत म्हणाल्या. "डोळं हायती का बटनं?"

मामा इतके खूश झाले की त्या गेमला पाच मार्क मिळाले. मी मामींना नंतर विचारले होते, "मामी, तुम्हाला आवडतात का हो हे गेम?"

"मला काय कळतंय त्यातलं," मामी म्हणाल्या. "पस्तीस वर्सं ह्यो माणूस घरात दिसला न्हाई. रात न्हाई, दिस न्हाई, सदा डूटी. आता बसलाय तर बसती म्या बी."

दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या. मामा कधी रडताना दिसले नाहीत. महिन्याभराने त्यांनी मला वही घेऊन बोलावले, एवढेच. मी खुर्चीत बसून लिहीत होतो. मामा म्हणाले, "पिवळा!" आणि थांबले. ती शांतता मला सोसवेना. मी वहीत डोके घालूनच म्हणालो, "पिवळा."

मामांनी गेम थांबवला. "मास्तर, हिरवा हाय त्यो." मग जरा वेळाने म्हणाले, "बघून म्हणा. न्हाईतर म्हणू नका." मी ओशाळलो आणि त्यानंतर कधी तोंडच उघडले नाही. मामा पुकारत राहिले, श्वासभर थांबत राहिले, आणि वहीत चार मार्क कापत राहिले.

मागच्या महिन्यात जावयाचा फोन आला, की नवा गेम निघाला आहे, आगगाडी चालवायचा. इंजिनातले प्रत्येक बटण, प्रत्येक सिग्नल खऱ्यासारखा. पाठोपाठ रविवारी मंगल आणि जावई शिरूरहून भला मोठा टीव्ही घेऊन आले. मामांना दहापैकी दहा द्यायला लावायचेच, असा जावयाचा निश्चय दिसत होता.

टीव्ही भिंतीवर चढला, पण खाटेवरून बघायला फार जवळ झाला. खाट मागे सरकवायची तर मागे मामींचे काचेच्या दारांचे कपाट. ते मुळातच अशा वेड्या जागी उभे आहे, की गेल्या दहा वर्षांत त्याच्यावर गुडघा आपटला नाही असा माणूस आमच्या गल्लीत नाही.

"आप्पा, हे कपाट आतल्या खोलीत टाकू," मंगल म्हणाली.

"कपाट हलायचं न्हाई."

"आवो, रिकामंच हाय. आईच्या चार कपबशा आन् काय?"

"न्हाई म्हंजी न्हाई!" मामांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. जावई बिचारा हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा. मंगलचे डोळे भरून आले. मग मामाच खाली बघत म्हणाले, "तुझी आई त्या काचंत बघून सांगायची मला. टीवी दिसतो त्यात. म्हनून तर पाठ करून बसायची. कपाट हलिवलं तर तिनं बघायचं कशात?"

मामी नाहीत हे मामांना माहीत होते आणि आम्हालाही. कपाट राहिले. मंगल डोळे पुसत चहा टाकायला आत गेली, जावयाने गेम सुरू करून दिला आणि तोही तिच्यामागे गेला.

मामा खाटेवर बसले. गाडी हलली. नव्या टीव्हीत रूळ असे काही चमकत होते की माझेही लिहायचे राहिले. आणि मामांनी पुकारले, "हिरवा!"

मी वही बाजूला ठेवली, उठलो आणि मामींच्या जागी जाऊन टीव्हीकडे पाठ करून बसलो. कपाटाच्या काचेत अख्खी आगगाडी उलटी धावत होती. सिग्नल लख्ख दिसत होता.

"हिरवा," मी म्हणालो. बघून.

मामांनी माझ्याकडे पाहिले नाही. पुढचा सिग्नल आला. "पिवळा!" "पिवळा." मग थोड्या वेळाने परत, "पिवळा!"

मी काचेत बघितले. "हिरवा आहे, मामा."

"बरं," मामा म्हणाले आणि गाडीचा वेग वाढवला.

तेवढ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या जागी बसले की काच दिसते ती मामांच्या खांद्यावरून. म्हणजे सिग्नल बघायला मान वर केली की आधी दिसतो मामांचा चेहरा. ओठ पुढे काढलेले, भुवया वर, लहान मुलासारखा रमलेला. दर सिग्नलला तो दिसणारच. मामा स्वतः या जागी कधी बसलेच नव्हते. त्यांना हे ठाऊक असायचे कारण नव्हते.

"मामा," मी म्हणालो, "इथून गेम कमीच दिसतो. तुमचं तोंड जास्त दिसतं."

"काय म्हणता?"

"मामी गेम बघत नव्हत्या हो. रोज इथं बसून तुम्हाला बघत होत्या."

मामांचा अंगठा बटणावर तसाच राहिला. काचेत दूरवर एक ठिपका उगवला आणि मोठा होत गेला. "लाल," मी म्हणालो. गाडीचा वेग तसाच. "मामा, लाल! लाल!" मी ओरडलो. मंगल आतून धावत आली.

गाडी लाल सिग्नल ओलांडून गेली. शर्यतीतसुद्धा चौकात उभा राहणारा माणूस, पण त्याचे डोळे पडद्यावर नव्हतेच. मी बसलो होतो त्या जागेकडे लागले होते. टीव्ही काळा झाला आणि त्यावर काहीतरी चूक झाल्याची इंग्रजी अक्षरे आली.

मी वही परत हातात घेतली. मग मामांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसले.

"लिवा मास्तर," ते म्हणाले. "गेमचा दोष न्हाई. डायवरचं ध्यान नव्हतं."

मी लिहिले. "आणि मार्क?"

"द्या काय द्यायचं त्ये. पर ते चार कापू नका आज."