मानेकाकांचे काळे दाणे

माणसं शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, चष्मा ठेवतात. मानेकाका भाजलेले जव ठेवतात.

शहराच्या अकोटा भागातल्या आमच्या सोसायटीत मी राहायला आलो त्या दिवशी कपाट लिफ्टमध्ये मावेना, म्हणून घामाघूम होऊन उभा होतो. जिन्यावरून एक उंच, ताठ म्हातारे गृहस्थ उतरले. ना नाव, ना गाव. माझ्या तळहातावर तीन काळे दाणे ठेवून म्हणाले, "चावा. घाई नको."

मी चावले.

"काय लागलं?"

"जळकं."

त्यांच्या घरच्या श्रीखंडाला मी आंबट म्हटल्यासारखा त्यांचा चेहरा पडला. "जळकं म्हणजे चूक. हे भाजकं. दोन्हींत अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं. बरोबर ने?"

इथल्या मराठीत 'ना'चा गुजराती 'ने' होतो. मी म्हटलं, बरोबर. कपाट अजून बाहेरच होतं.

काकांचे पणजोबा संस्थानाच्या फौजेत घोडेस्वार होते. काका सांगतात, "पणजोबा घोड्यावर बसले, मी घोड्याच्या खाण्यावर जगलो." पादरा गावाच्या रस्त्यावरच्या एका माल्टच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, की झालं माल्ट. ते थोडं भाजलं की बिस्किटाचा वास, जास्त भाजलं की काकवीचा, आणखी भाजलं की कॉफीचा. फिकट माल मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीत जायचा. काळा माल ट्रकने राज्याबाहेर जायचा आणि तिकडे त्याची बिअर व्हायची. आपल्याकडे दारूबंदी, आणि काका नियमाचे पक्के. त्यामुळे जन्मभर बिअरचे दाणे भाजलेल्या या माणसाने बिअरचा थेंब चाखलेला नव्हता. बायकोचं नाव मात्र मालती. "निव्वळ योगायोग," असं काका कुणी न विचारताच सांगत. मालतीकाकू सहा वर्षांपूर्वी गेल्या.

खालच्या मजल्यावरच्या जसुबेन काका खिशात हात घालताना दिसले की तोंडाला पदर लावून सांगतात, "माने साहेब, आजे मारे उपवास छे!" हा उपवास आठवड्यातले सातही दिवस असतो.

काकांची एकुलती एक मुलगी शलाका. इथेच शिकली आणि पुण्याला एका लहानशा बिअरच्या कारखान्यात लागली. तिथे बिअर तीच बनवते. काकांना हे झेपलं नाही. "माझा माल गेटपर्यंत. गेटाबाहेर त्याचं काय होतं, ते मी बघत नाही," असं म्हणाले आणि दोन वर्षं तिच्याशी धड बोलले नाहीत. फोन आला तर "जेवलीस? बरं. ठेवतो." सोसायटीत विचारलं कुणी, तर "शलाका फूड लाइनमध्ये आहे."

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. शलाकाचा फोन आला. "जेवलीस?" झालं. पण तिने ठेवू दिला नाही.

"बाबा, स्टाउट करतेय. काळी बिअर. जव मीच भाजतेय, पण राखेसारखे लागतात. काय चुकतंय?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "भाजायला घे. आणि फोन ड्रमजवळ धर."

त्यांनी डोळे मिटले. फोनमधून दाणे तडतडायला लागले. गायकाची तान ऐकावी तसे काका बोटाने मांडीवर ताल धरून बसले. एकदम उभे राहिले आणि ओरडले, "आता! पाणी मार! पाणी! पाणी!"

दोन मिनिटांत जसुबेन भरलेली बादली घेऊन दारात हजर.

त्यानंतर दर रविवारी हा कार्यक्रम. जसुबेनही बादलीशिवाय येऊन बसायला लागल्या.

अखेर स्टाउट जमली. फक्त तीनशे बाटल्या, पुन्हा करायची नाही. शलाका म्हणाली, "बाबा, पहिला ग्लास तुमचा."

"त्या जागेत मी पाऊल टाकणार नाही," असं म्हणून काकांनी फोन ठेवला. पंधरा दिवस ते खालीही फिरायला उतरले नाहीत. सोळाव्या दिवशी पहाटे माझी बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा सफारी सूट घालून.

"तुमची गाडी पुण्यापर्यंत जाते ने?"

शलाका गमबूट घालून दारातच उभी होती. वाकून पाया पडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो पटकन काढून म्हणाले, "माल दाखव." मग पोत्यापोत्यातून दाणे घेऊन चावत फिरले. फिकट, तांबूस, तपकिरी, काळा. प्रत्येकाला मान डोलावली.

टेबलावर ग्लास आला. काळाकुट्ट, वर बदामी फेस. काकांनी तो उजेडात धरला, हुंगला, खाली ठेवला, पुन्हा हुंगला. मला परत गाडी चालवायची, म्हणून मी लिंबू सरबतावर. कारखान्याचा तरुण मालक हाताची घडी घालून उभा, शलाका नखं खात होती. काकांनी एक घोट घेतला. मग दुसरा. ग्लास बाजूला सरकवला.

"मला आवडली नाही."

मालकाची हाताची घडी सुटली.

"कडू आहे. मला उसाचा रस आवडतो." मग शलाकाकडे बघून म्हणाले, "पण चूक एकही नाही. आधी बिस्कीट, मग काकवी, मग कॉफी. राख कुठेच नाही."

शलाका हसायला लागली आणि हसता हसता बाहीने डोळे पुसायला लागली. मालक मला हळूच म्हणाला, "हे बाटलीवर छापलं तर चालेल का?"

तेवढ्यात काका कुठे दिसेनात. बघतो तर गिऱ्हाईकं बसून पितात त्या बाहेरच्या दालनात एका अनोळखी जोडप्याच्या टेबलाशी वाकून उभे. "तुम्ही जे पिताय, ते कसं झालंय?"

मुलगी गोंधळली, पण घोट घेऊन विचार करून म्हणाली, "काका, चुलीवरच्या भाकरीचा पापुद्रा करपतो ना थोडा, तसा वास येतोय. मस्त आहे."

काका तिथून पुढच्या टेबलाला. मग त्याच्या पुढच्या. नऊ टेबलं झाली. कुणी चॉकलेट म्हणालं, कुणी कॉफी, एकाने तर सरळ "जबरदस्त" म्हणून टाळीसाठी हात पुढे केला. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी टाळी दिली.

मग ते अंगणातल्या बाकावर येऊन बसले. शलाका त्यांच्याजवळ बसली.

"तीस वर्षं ट्रक भरून पाठवले," काका म्हणाले. "कसा झाला होता, ते सांगायला एकही माणूस परत आला नाही. घरी येऊन तुझ्या आईला सांगायचो, आज छान भाजलं गेलं. ती म्हणायची, छान झालं असेल. ती गेली, आणि ते 'असेल' पण गेलं."

शलाका त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिली. आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. तिने वळून काचेतून पाहिलं.

"बाबा, दोन टेबलं नवीन आलीत," ती म्हणाली. "चला, विचारून येऊ."